सुळ्यामागचा दात : प्रस्तावना

"सुळ्याच्या मागची गं बाई. दाढ न्हाई, दाढंच्या आधीची."

बेगडेवाडीच्या एका आजींनी खुर्चीत बसल्या बसल्या मला सांगितलेला हा पत्ता. पत्ता बिनचूक होता, नाव मात्र त्यांच्याकडे नव्हतं. ते आपल्या कुणाच्याच बोलण्यात नाही. समोरच्या चपट्यांना आपण पटाशीचे दात म्हणतो, टोकदार तो सुळा, मागची ती दाढ आणि विशीच्या सुमाराला छळायला येते ती अक्कलदाढ. सुळा आणि दाढ यांच्या बेचक्यात वर चार आणि खाली चार असे आठ दात उभे असतात. बत्तिसातले आठ, म्हणजे चौथा हिस्सा. घरात, शेतात, बाजारात त्यांचं नाव कुणी घेत नाही. शाळेच्या पुस्तकात ते आहे : उपदाढ.

त्या 'उप'वर माझा राग आहे, आणि हे पुस्तक लिहायला बसले त्यात त्या रागाचा वाटा मोठा आहे. उपसरपंच, उपअभियंता, उपकेंद्र. 'उप' लागला की माणूस एक पायरी खाली समजतो. उपदाढ म्हटलं की पेशंटच्या मनात येतं, म्हणजे अर्धीमुर्धी दाढ, गेली तर गेली. "बारकीच हाय, काढून टाका," हे वाक्य मी या एका दाताबद्दल इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकताच हातातली हत्यारं खाली ठेवते आणि आधी आरसा पेशंटच्या हातात देते. उपदाढ ही लहान झालेली दाढ नव्हे. सुळ्याला जे पुरं जमत नाही आणि दाढेपर्यंत जे तसंच पोचून चालत नाही, ते काम करणारा तो स्वतंत्र दात आहे. पुढची सगळी पानं एवढी एकच गोष्ट सांगायला लिहिली आहेत.

माझ्या टेबलाच्या खणात एका डबीत वरची पहिली उपदाढ आहे. पंधरा वर्षांच्या एका मुलाची, तार बसवण्याआधी काढलेली. त्यामुळे तिला कीड नाही, झीज नाही. शिकवायचं झालं की मी तीच बाहेर काढते. टोकापासून मुळाच्या शेवटापर्यंत २२-२३ मिलिमीटर. त्यातला तोंडात दिसणारा भाग साधारण साडेआठ मिलिमीटरचा, बाकीचा चौदा मिलिमीटर हाडात रोवलेला. जेवढं दिसतं त्याच्या दीडपट जमिनीखाली.

वरून पाहिलं तर दोन उंचवटे दिसतात, एक गालाकडे आणि एक टाळूकडे. मळवलीला गाडीतून उतरून लोहगड-विसापूरची जोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं चित्र काढून दाखवायला नको. दोन उंच माथे आणि त्यांच्यामध्ये खिंड. विसापूर जसा लोहगडाहून उंच, तसा गालाकडचा उंचवटा टाळूकडच्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटरने उंच असतो. खिंड दाताच्या पुढून मागे जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना शेताच्या बांधासारखे बांध असतात, घास घसरून दोन दातांच्या फटीत जाऊ नये म्हणून. या दातात पुढच्या बांधावरून एक बारीक घळ पलीकडे उतरते. नख फिरवलं की जाणवते. घळीच्या खाली, हिरडीला लागून, दाताची सुळ्याकडची बाजू आत दबलेली असते, ओल्या मातीत अंगठा टेकवावा तशी. ही घळ आणि हा खड्डा पाहून सुटा दात उजवा की डावा हे दंतवैद्य सांगतो. पण तोच खड्डा पुढे माणसाला महागात पडतो, कारण तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. हिरडी सुजायला लागली की त्या दबलेल्या जागेत मळ साचतो, कडक होतो, आणि हाड हळूहळू खाली सरकतं.

दात उलटा धरला की दोन मुळं दिसतात, एक गालाकडे, एक टाळूकडे. इतर उपदाढांना बहुधा एकच मूळ असतं, दोन मुळांचा मान या पहिलीचा. म्हणूनच तिच्यात रूट कॅनॉल करताना एकच वाट सापडली तर मी थांबते आणि दुसरी शोधते. बहुतेक वेळा ती असतेच.

खालच्या जबड्यातल्या दोघी एकमेकींसारख्या दिसत नाहीत, आणि मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. खालची पहिली उपदाढ जवळजवळ सुळाच आहे. तिचा जिभेकडचा उंचवटा इतका बारका असतो की तोंड मिटलं तरी तो वरच्या दाताला टेकत नाही. तिच्या शेजारची दुसरी मात्र दाढेच्या वळणावर गेलेली. तिला पुष्कळदा दोनाऐवजी तीन उंचवटे असतात, एक बाहेर आणि दोन आत. फाडणाऱ्या दातापासून दळणाऱ्या दातापर्यंतचा पल्ला जबड्याने दोन पावलांत गाठला आहे.

आता काम. त्यासाठी लोणावळ्याची चिक्की हातात घ्या आणि तुकडा तोंडात कसा जातो तेवढं एकदा लक्ष देऊन पाहा. पातळ असेल तर पटाशीचे दात पुरतात. जाड, शेंगदाण्याची, पावसाळी हवेतही कडक राहिलेली असेल तर हात आपोआप तोंडाच्या कडेला वळतो. सुळा ओलांडून तुकडा थांबतो तो बरोबर उपदाढांपाशी. थेट दाढेपर्यंत कुणी नेत नाही. तिथे तोंड तेवढं उघडत नाही आणि हातही पोचत नाही. ऊस सोलतानाही हीच जागा : सुळा टोचतो, उपदाढ साल पकडते, मान झटकली की पट्टा सुटतो.

यामागचं गणित अडकित्त्याचं आहे. सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी धरली तर फुटत नाही. खिळ्याजवळ सरकवावी तसा जोर वाढतो, पण तिथे पाती कमी उघडतात आणि अख्खी सुपारी मावत नाही. म्हणून जाणती आजी सुपारी मधे धरते. जबड्याचा खिळा कानापुढच्या सांध्यात आहे. समोरच्या दातांशी तोंड भरपूर उघडतं पण जोर कमी, दाढेशी जोर भरपूर पण जागा कमी. मधली जागा उपदाढेची. तिथे कडक घास फुटतो, जीभ तुकडे मागे ढकलते, आणि मग दाढा दळायला लागतात. तोंड मिटताना खालच्या उपदाढेचं बाहेरचं टोक वरच्या दातांच्या बांधांवर येऊन टेकतं, वरचीचं आतलं टोक खालच्या दातांच्या खळगीच्या कडेशी. एका वेळी पकड आणि चुरडणं दोन्ही होतात.

आणि हे सगळं आंधळेपणाने होत नाही. दात हाडात सिमेंटने चिकटवलेला नाही. तो सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या तंतूंच्या झोळीत टांगलेला आहे, आणि त्या तंतूंमध्ये स्पर्श कळणाऱ्या नसा आहेत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने तयार केलेला इंद्रायणी तांदूळ आता साऱ्या महाराष्ट्रात जातो. कितीही निवडला तरी त्याच्या भातात एखादी कच राहतेच. ती दाताखाली आली की डोळ्यांना दिसायच्या आत जबडा थबकतो. केसाहून पातळ वस्तू दोन दातांमध्ये आली तरी माणसाला कळते. कवळी बसवलेल्या माणसाला विचारा, त्यानं काय गमावलं ते तो सांगेल.

जनावरांकडे पाहिलं म्हणजे या दाताची थोरवी जास्त कळते. कुत्रं हाड फोडताना मान तिरकी करतं आणि हाड तोंडाच्या एका कडेला घेतं, हे प्रत्येकानं पाहिलेलं असतं. तो वरच्या जबड्यातल्या चौथ्या उपदाढेचा आणि खालच्या पहिल्या दाढेचा कात्रीसारखा मेळ आहे. मावळातल्या बिबट्याची कात्रीही याच दोन दातांची. बैलाच्या गालात उपदाढा उभ्या आहेत त्या मात्र जात्याच्या पाळ्यांसारख्या, दाढांच्या ओळीला धरून. मावळात शर्यतीच्या बैलाचं तोंड उघडून आदत, दुसा, चौसा ठरवणारी माणसं गावोगाव आहेत. त्यांचा हिशेब समोरच्या दातांवर चालतो, पण चारा बारीक होतो तो मागे, न दिसणाऱ्या जागी.

खंडाळ्याच्या घाटातल्या वानराचा नर जांभई देतो तेव्हा त्याचे सुळे पाहावेत. ते इतके धारदार राहतात कसे? त्याची खालची पहिली उपदाढ लांबट आणि उतरती असते, आणि तोंड मिटताना वरच्या सुळ्याची मागची कड तिच्यावर घासली जाते. उपदाढ ही त्याची सहाण आहे. माणसाच्या वंशात सुळा लहान झाला, धारेची गरज संपली आणि ही सहाण सुटली. तिनं दुसरा उंचवटा मिळवला आणि ती खाण्याच्या कामाला लागली. सस्तन प्राण्यांच्या जुन्या पूर्वजांना प्रत्येक बाजूला चार उपदाढा होत्या. आपल्याकडे दोन उरल्या, त्या शास्त्राच्या मोजणीत तिसरी आणि चौथी, कारण पुढच्या दोन वाटेत गळाल्या. माझ्या डबीतल्या त्या लहानशा दाताला एवढा मोठा कुळाचार आहे.

आता ज्यासाठी हे पुस्तक शिक्षकांच्या, आशाताईंच्या आणि आईबापांच्या हाती द्यायचं आहे, ती गोष्ट. दुधाच्या दातांत उपदाढ नसते. वीस दुधाचे दात : आठ पटाशीचे, चार सुळे आणि आठ दाढा. या आठ दुधाच्या दाढा पडतात तेव्हा त्यांच्या जागी दाढा येत नाहीत, उपदाढा येतात. कायमच्या दाढा त्यांच्या मागे, नव्या जागेत उगवतात. म्हणजे लेकराच्या तोंडातली दुधाची दाढ ही उपदाढेची जागा राखून बसलेली असते, एस.टी.त रुमाल टाकून ठेवावा तशी. तिची मुळं कोळ्याच्या पायांसारखी फाकलेली असतात, कारण त्यांच्या मधोमध, हाडात, उपदाढेचा अंकुर वाढत असतो. पहिल्या उपदाढेचं दंतवल्क, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, वयाच्या दीड-दोन वर्षांपासून तयार व्हायला लागतं, दुसरीचं दोन-अडीच वर्षांपासून. सहा-सात वर्षांपर्यंत माथा पुरा होतो, दात वर येतो तो दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान.

माझ्या व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी सात वर्षांची एक मुलगी आली होती. खालची दुसरी दुधाची दाढ किडून पोकळ झालेली, रात्रभर रडली होती. आई म्हणाली, "दुधाचीच आहे ना, काढा." मी काढली. दाढ काढणं कदाचित टळण्यासारखं नव्हतं, पण रिकामी जागा धरून ठेवणारी तारेची साधी कडी मी बसवली नाही, आणि ती बसवायला हवी हे आईला नीट सांगितलंही नाही. सहाव्या वर्षी आलेली मागची कायमची दाढ मोकळी जागा पाहून पुढे कलली. मुलगी बाराव्या वर्षी परत आली तेव्हा तिची दुसरी उपदाढ ओळ सोडून जिभेच्या बाजूने बाहेर आली होती. बोलताना जीभ घासत होती. नंतरची दोन वर्षं तारेत गेली, पैसे गेले, आणि त्याचं मूळ माझ्या त्या एका दुपारच्या घाईत होतं. दुधाचीच आहे, हे शब्द मी त्यानंतर कुणालाही निमूट म्हणू दिलेले नाहीत.

दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर खाली वाढणाऱ्या उपदाढेच्या दंतवल्कावर डाग, खड्डे, पिवळट चट्टे उठतात. असा दात आला की आईबाप विचारतात, नवा दात किडका कसा आला? तो किडका आलेला नसतो. त्याच्या डोक्यावरच्या दाढेनं जे सोसलं ते त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. दोन ते सात वर्षांच्या काळातला मोठा ताप, उपासमार, पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड, यांच्या खुणाही अशाच राहतात, कारण दंतवल्क एकदा तयार झालं की शरीर ते पुन्हा घडवत नाही. त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच असतं. म्हणूनच ते माणूस गेल्यावरही टिकतं. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० च्या सुमाराला नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत त्यांनी आपली मेलेली लेकरं पुरली होती. त्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी करून १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. लेकराचं वय ठरवायला दाताइतका भरवशाचा साक्षीदार नाही : कोणता माथा पुरा झाला, कोणतं मूळ अर्ध्यावर आहे, हे पाहिलं की वर्ष सांगता येतं. हाडात अर्धवट घडलेली उपदाढ पाहिली की तीन हजार वर्षांपूर्वीची ती आई मला फार जवळची वाटते.

दात सरळ करताना सगळ्यात जास्त बळी जातो तो पहिल्या उपदाढेचा. याविषयी या पुस्तकात एक मोठं प्रकरण आहे, इथे थोडंच. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांचा दात काढायला ठाम विरोध होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पुढे आपल्या बिघडलेल्या केसेस चार पहिल्या उपदाढा काढून पुन्हा दुरुस्त केल्या आणि वारं फिरलं. उपदाढच का, याचं कारण तिची जागा : ती काढली की पुढचे दात मागे घेता येतात, मागचे पुढे आणता येतात, आणि दुसरी उपदाढ सुळ्याला टेकून पोकळी भरून काढते. जबडा खरोखर अपुरा असेल तर हा उपाय योग्य आहे, मीही करते. पण निर्णय मापं घेऊन, साचा पाहून, एक्स-रे पाहून व्हावा. "ती काय, उपदाढ आहे," एवढ्या आधारावर नाही. दुसरी उपदाढ काही माणसांत जन्मतःच नसते. अक्कलदाढ सोडली तर न उगवणाऱ्या दातांत खालच्या दुसऱ्या उपदाढेचा नंबर फार वर लागतो. आधी ती हाडात आहे का ते पाहावं, मग पुढचं बोलावं.

मोठ्या माणसांत या दाताच्या तीन तक्रारी मी रोज पाहते. एक, चिरणं. वरच्या उपदाढेचे दोन उंचवटे खड्या उताराचे. मधे कीड लागून पोखरलं किंवा मोठं सिमेंट भरलेलं असलं आणि वर सुपारी, नळीचं हाड, कडक चिक्की आली की दात खिंडीतून उभा चिरतो. त्याची खूण अशी की चावताना नव्हे, चावून दात सोडताना कळ येते. दोन, सर्दी. वरच्या दुसऱ्या उपदाढेचं मूळ नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीच्या अगदी जवळ असतं. ही पोकळी, म्हणजे सायनस, भरली की दात ठणकतो आणि माणूस चांगला दात काढा म्हणतो. वाकल्यावर ठणका वाढत असेल तर आधी सर्दी बरी होऊ द्यावी.

तिसरी तक्रार त्या आजींची. त्यांची पासष्ट वर्षांची सवय : पहाटे चुलीपुढे बसून तर्जनीने राखुंडी आडवी घासायची. पुढे घरात ब्रश आला, तोही त्याच जोराने आडवाच चालला. जबड्याची कमान जिथे वळते तिथे सुळा आणि उपदाढा बाहेर आलेल्या असतात, सगळा जोर तिथेच बसतो. उजव्या हाताने घासणाऱ्याचा बहुधा डावीकडे जास्त. आजींच्या डाव्या उपदाढांना हिरडीलगत कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारख्या खाचा पडल्या होत्या. दाताचा आतला थर, पिवळं डेंटिन, चकाकत होतं. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. कीड नव्हती, ठिपकाही नव्हता. दात काढायचा प्रश्नच नव्हता. खाचा दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरल्या, मऊ ब्रश दिला आणि त्यांचा हात हातात धरून हिरडीकडून टोकाकडे कसं फिरवायचं ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढं मऊ? यानं काय निघंल गं?" मी म्हटलं, "आजी, पंधरा दिवस करून बघा." पंधरवड्यानं लोकलने आल्या तेव्हा पिशवीत माझ्यासाठी पावशेर करवंदं होती, आणि माठातलं पाणी पिता येतं असं त्यांनी दारातूनच सांगितलं.

हे पुस्तक वाचायला दंतवैद्यकाचं शिक्षण लागत नाही. एक हातआरसा, एक बॅटरी आणि समोर एक उघडं तोंड एवढं पुरे. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या मधल्या रेषेपासून मोजायला सुरुवात करा. एक, दोन पटाशीचे. तीन सुळा. चार आणि पाच, या त्या दोघी. सहावी दाढ. मूल दहाच्या आत असेल तर चौथ्या-पाचव्या जागी दुधाच्या दाढा दिसतील. त्यांना भोक आहे का, हिरडीवर पुळी आहे का, हे पाहा आणि लिहून ठेवा. परवा बेगडेवाडीच्या बाजूला एका शाळेच्या ओसरीवर मुलांचे दात तपासत होते. पाचवीतल्या एका मुलीने आ केला. खाली, उजवीकडे, चौथ्या जागी हिरडी जरा फुगलेली होती, आणि तिच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक नुकतंच वर आलेलं होतं.